बुधवारची गाडी

शनिवार, १० फेब्रुवारी

आज ब्रायोनीने जाहीर केलं की तीही मॅरेथॉन पळणार.

हार्डवेअरच्या दुकानाबाहेर माझा स्टॉल होता. सकाळपासून मी तव्यावर सॉसेज परतत आणि कांदा करपवत घामाघूम उभी. गावातल्या पेशंटांना लॉन्सेस्टनच्या हॉस्पिटलात नेणाऱ्या गाडीसाठी पैसे जमवायचे, त्यासाठी जूनमध्ये तिथेच बेचाळीस किलोमीटर पळायचं, ही कल्पना माझी. ख्रिसमसपासून पहाटे उठून पळतेय तीही मीच. आणि ही बाई येते, पावात गुंडाळलेलं सॉसेज घेते, एक घास खाते आणि रांगेतल्या लोकांना सांगते, "ग्लेनिसला पळताना बघून वाटलं, आपणही पळावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या स्टॉलवर, माझे कांदे खाता खाता.

मी जाहीर केलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पोस्टातली मर्ल म्हणाली होती, "अगं, झेपेल का तुला या वयात?" मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, ब्रायोनी एकेचाळीसची. तिचा कॅन्सर छातीचा होता, माझा मोठ्या आतड्याचा. दोघी एकाच वर्षी आजारी पडलो आणि दोघी वाचलो. पण छातीच्या कॅन्सरला गुलाबी फिती असतात, फुगे असतात. माझ्या कॅन्सरचं नाव काढलं की लोक हातातला पाव खाली ठेवतात.

इथे खरं लिहायचं ठरवलंय, तर लिहिते. मला तिचा हेवा वाटतो. तिच्या नव्याने आलेल्या कुरळ्या केसांचासुद्धा वाटतो. माझे केस गेलेच नव्हते, त्यामुळे परत येण्याचा प्रश्न नव्हता, आणि म्हणून कुणाला मी आजारी होते हे आठवतही नाही.

घरी येऊन नेव्हला सांगितलं. नवरा म्हणून त्याने निदान हुं तरी करावं. तर म्हणाला, "बरंय की. दोघी मिळून पळा." या माणसाला शेतांवरचे पंप दुरुस्त करता येतात, पण आपल्या बायकोचं काय बिघडलंय ते कधी कळत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

नेव्हच्या नावाने सरकारचं पाकीट आलं, आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं. या देशात पन्नाशी उलटली की दर दोन वर्षांनी येतं. संडासात जायचं, काडीने थोडं उचलायचं, नळीत घालून पोस्टाने परत पाठवायचं. गावातल्या निम्म्या लोकांच्या घरी ते पाकीट टॉवेलांच्या मागे पडून असतं. माझंही होतं. ते वेळेवर पाठवलं असतं तर माझ्या पोटावर एवढी लांब शिवण नसती.

म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते. स्टॉलवर सॉसेज देताना विचारते, पाकीट पाठवलंस का? पुढच्या नळीच्या तपासणीला घाबरणाऱ्यांना सगळं सांगते. दोन दिवस नुसता पांढरा पाव, साल काढलेला बटाटा आणि चिकन. तिसऱ्या दिवशी तेही बंद, फक्त पाणचट सूप आणि जेली, तीही लाल नको. मग ते घाणेरडं औषध प्यायचं आणि रात्रभर संडासातच मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी गुंगीत असतानाच नळी आत जाऊन येते. काही कळतसुद्धा नाही. हे मी छान हावभाव करून सांगते. नेव्ह तेवढ्यात ट्रककडे निघून जातो.

आज मी त्याच्यासमोर पाकीट धरून उभी राहिले. "आत्ता," म्हटलं. गेला बिचारा. पोस्टातही स्वतः टाकून आला.

शनिवार, २ मार्च

मर्लने पोस्टाच्या भिंतीवर पुठ्ठ्याची मोठी गाडी चिकटवली आहे. जसजसे पैसे जमतील तसतशी ती रंगवायची. ब्रायोनीने जमवलेल्या पैशांचा रंग गुलाबी, माझ्या पैशांचा तपकिरी.

"तपकिरी का गं?" मी विचारलं.

"मग तुझ्या कॅन्सरला दुसरा कोणता शोभेल?" मर्ल म्हणाली आणि रांगेतले सगळे हसले. मीही हसले. इथे असल्या थट्टेवर जो हसत नाही त्याला पुढच्या वेळी कुणी थट्टेतही घेत नाही. पण आतून माझा तिळपापड झाला होता.

तपकिरी रंग एका चाकापुरता लागलाय. गुलाबी दरवाजापर्यंत पोचला. पबवाल्याने कबूल केलंय की आमच्यापैकी एकीने जरी धाव पूर्ण केली तरी पुठ्ठ्याच्या गाडीच्या छपराएवढे पैसे त्याच्याकडून. म्हणाला, "ब्रायोनी पूर्ण करीलच." मी तिथेच उभी होते.

बुधवार, १३ मार्च

आज लांब पल्ला. किनाऱ्याच्या रस्त्याने बटाट्याच्या शेतांपर्यंत आणि परत. माझ्या धावण्याचा नकाशा म्हणजे सार्वजनिक संडासांचा नकाशा. आतडं कापून जोडलेल्या माणसाला दुसरा मार्ग नसतो. मासेमारीच्या धक्क्यावरचा संडास बंद होता, तेव्हा मी किनाऱ्यावरच्या टी-ट्रीच्या झुडपांत काय केलं ते इथेही लिहीत नाही.

परत येताना पेशंटांची गाडी समोरून गेली. ब्रायोनी चालवत होती. तिचं केस कापण्याचं दुकान बुधवारी बंद असतं, म्हणून बुधवारची गाडी तिच्याकडे आहे. तिने हॉर्न वाजवून हात हलवला. मी काचेतून मागच्या सीटवर कोण आहे ते बघायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. गाडीचा नियम माझ्या हट्टामुळेच झालाय. गाडीत कोण बसलं, कुठे उतरलं, हे चालवणाऱ्याने कुणालाही सांगायचं नाही, अगदी घरच्यांनासुद्धा नाही. मी आजारी होते तेव्हा असा नियम नव्हता. माझ्या मुलाला पर्थला कळायच्या आधी मर्लला कळलं आणि संध्याकाळपर्यंत दारात पाच जणींनी ओव्हनमध्ये शिजवलेल्या रश्शाची कॅसरोल आणून ठेवली होती. मला तर पाणीही पचत नव्हतं. ती कॅसरोल नेव्हने महिनाभर खाल्ली.

सोमवार, १ एप्रिल

ईस्टरची सुट्टी संपली. शनिवारी नेव्ह ब्रायोनीच्या दुकानात जाऊन केस कापून आला.

नेव्हचे केस लग्नापासून मी कापते. शेडमध्ये बादली पालथी घालायची, त्यावर तो बसतो, मी मशीन फिरवते, पाच मिनिटांत काम होतं. मी विचारलं, आज काय झालं? म्हणाला, "तुला पळायचं असतं. म्हटलं, तुझा वेळ कशाला घ्या." डोक्याला कसलासा वास येत होता, नारळासारखा. गेला तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ होती आणि परत आला तेव्हा जेवण गार झालं होतं. एवढ्याशा केसांना एवढा वेळ?

मी मुळा कापत राहिले.

रविवार, १४ एप्रिल

नेव्ह पट्ट्याला नवं भोक पाडत होता. खिळा आणि हातोडी घेऊन. मी म्हटलं, बारीक होतोयस. तो म्हणाला, "बरंच आहे ना?" बिअरही सोडली आहे. शुक्रवारी पबमध्ये मटणाच्या सोडतीला गेला तर लेमोनेड पीत बसला होता, असं पबवालाच म्हणाला.

साठी उलटलेला माणूस अचानक बारीक होतो, बिअर सोडतो, बाहेर केस कापून घेतो. हे कशासाठी असतं ते कळायला मी काही दूधखुळी नाही.

आरशात स्वतःला बघितलं. पळून पळून पाय लाकडासारखे झालेत. पोटावर ती शिवण. आणि ब्रायोनी गुलाबी टोपी घालून धक्क्यावरून पळते तेव्हा मासे पकडणारेही गळ सोडून बघतात.

मंगळवार, २३ एप्रिल



रविवारी मी बियांचा पाव भाजला. गेली दोन वर्षं नेव्ह तोच खातो. त्याने ताटातून बाजूला सारला आणि दुकानातला पांढरा पाव घेतला. काल बटाटे सालं काढून खाल्ले, चिकनची कातडी काढून कुत्र्याला दिली. आज तर जेवलाच नाही. फ्रिजपाशी उभा राहून पिवळी जेली खात होता, बाउलमधून, लहान मुलासारखा. मी म्हटलं, हे कसलं नवं डाएट? कुणी सांगितलं? तर म्हणाला, "कुणी नाही, पोट जरा जड वाटतंय."

पोट जड. ज्या बाईसाठी पोट आत ओढायचंय तिचं नाव मला माहीत नाही असं त्याला वाटतं.

दुपारी पिशवी भरून तळ्याकाठच्या आमच्या लाकडी शॅकवर निघून गेला. मासे लागतायत म्हणे. एकटाच. उद्या रात्री येईन म्हणाला. गळ घ्यायला विसरला. मी दारात उभी राहून ते गळ बघितले आणि हाक मारली नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

आज सैनिकांचा स्मृतिदिन, पहाटे स्मारकापाशी सगळं गाव जमलं होतं. बिगुल वाजला, आम्ही माना खाली घातल्या आणि माझ्या मनात युद्धात गेलेल्या एकाही पोराचा विचार आला नाही, देवा क्षमा कर.

नंतर चहाच्या टेबलाशी मर्लने मला बाजूला घेतलं. ती काल बहिणीकडे लॉन्सेस्टनला गेली होती. म्हणाली, सिग्नलला शेजारी गाडी येऊन थांबली. बघते तर ब्रायोनी आणि तिच्या शेजारी नेव्ह.

"डोकं काचेला टेकवून डोळे मिटून बसला होता," मर्ल म्हणाली. "अगदी निवांत. तिने त्याच्या अंगावर स्वतःचं जॅकेट घातलं होतं गं. मी म्हटलं, तुला माहीत असेलच."

"माहीत आहे," मी म्हटलं. "कुठली गाडी होती?"

"कुठली म्हणजे? पेशंटांचीच."

याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ज्या गाडीसाठी मी कांदे करपवते, झुडपांत बसते, त्या गाडीतून हे दोघं फिरायला जातात. लोकांच्या दानाच्या पेट्रोलवर. कुणी खरा पेशंट त्या दिवशी घरी राहिला असेल.

नेव्ह काल रात्री नऊला आला होता. मासे नव्हते. चेहरा पांढराफटक. सरळ झोपला. मी त्याला स्पर्श केला नाही. मला वाटलं, तिचा वास येईल.

शुक्रवार, २६ एप्रिल

पळाले. आजवर इतक्या वेगाने कधी पळाले नव्हते. नाकाला मिरच्या झोंबल्या की पाय हलके होतात, हे कुठल्या ट्रेनरने सांगितलं नव्हतं.

नेव्हला विचारत नाही. विचारलं तर तो सांगेल, त्याला खोटं बोलता येत नाही. आणि त्याने सांगितलं की ते खरं होईल. आजारपणात दहा महिने त्याने माझ्या पोटाला जोडलेली मळाची पिशवी बदलली, नाक न मुरडता. तेव्हा मला वाटायचं, आता काहीही झालं तरी हा माझा. त्याच्या मनात तेव्हा काय साचत होतं कुणास ठाऊक. एखाद्याला बायकोच्या पोटातलं सगळं दिसलं की ती बायको उरते का?

तो जाऊ नये. एवढंच मला हवंय. मॅरेथॉन गेली खड्ड्यात.

शनिवार, ४ मे

दुकान बंद करायच्या वेळी ब्रायोनीकडे गेले. ती केस झाडत होती. मी बसले नाही.

विचारलं, बुधवारी चोवीस तारखेला तुझ्या गाडीत कोण होतं?

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. चेहरा असा लाल झाला की मला माझं उत्तर मिळालं. म्हणाली, "ग्लेनिस, मला नाही सांगता येणार. का ते तुलाच माहीत आहे."

"मला सगळं माहीत आहे," मी म्हटलं.

"खरंच?" तिने एवढ्या आशेने विचारलं की मला तिला चापट मारावीशी वाटली. "त्याने सांगितलं तुला? बरं झालं. मी त्याला कधीपासून म्हणत होते, तिला सांग, तिला सांग."

म्हणजे ती त्याला शिकवणार, माझ्याशी कसं बोलायचं ते. मी म्हटलं, मला त्याने नाही, गावाने सांगितलं. तिचा चेहरा उतरला.  मी दार आपटून आले. दाराला तिने घंटा लावली आहे, त्यामुळे आपटणं नीट झालं नाही.

बुधवार, ८ मे

संध्याकाळी नेव्ह लाकडं घेऊन आत आला, शेगडीत घातली, टीव्ही बंद केला. "ग्लेन, बस," म्हणाला. "सांगायचंय."

मी म्हटलं, माहीत आहे. ब्रायोनी.

तो मग हसायला लागला. खांदे हलवून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी उशी फेकून मारली. तरी हसतच होता, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी लग्नानंतर त्याला असं रडताना फक्त त्याच्या आईच्या वेळी बघितलं होतं.

पाकिटाचं उत्तर मार्चमध्येच आलं होतं. रक्त होतं त्यात. डॉक्टरने तपासणीला पाठवलं. चोवीस एप्रिलला नळी घातली. मोठ्या आतड्यातच, माझ्याच जागेच्या जरासं वर. आज नक्की कळलं. तीस मेला ऑपरेशन.

मी कितीतरी वेळ जेलीचाच विचार करत बसले. पांढरा पाव, साल काढलेला बटाटा, पिवळी जेली. जे मी भर रस्त्यावर हातवारे करून अख्ख्या गावाला सांगते, ते माझ्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर घडलं आणि मी कातडी काढलेल्या चिकनवरून दुसऱ्या बाईचा संशय घेत होते. त्या रात्री तो एकटा शॅकवर, बाहेरच्या पत्र्याच्या संडासात, थंडीत.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला स्टॉलवर उभं केलं असतंस," तो म्हणाला. "सॉसेजच्या शेजारी. बघा, हा माझा नवरा, याने पाकीट पाठवलं."

मी नाही म्हणणार होते. पण केलं असतं.

मग तो हळू म्हणाला, "आणि तू पळायला लागल्यापासून घरात परत शिव्या ऐकू यायला लागल्या होत्या. वर्षभर तू नुसती गप्प होतीस. म्हटलं, तेवढी धाव होऊ दे हिची."

"पण तिला सांगितलंस."

"तिला कुठे सांगितलं? गाडी बुक करायला फोन केला, तर बुधवारी चालवणारी ती निघाली. गुंगीत ट्रक चालवत परत येऊ का? म्हणून दुकानात जाऊन विचारलं, नियम पाळशील ना. म्हणाली, पाळीन. खुर्चीत बसलोच होतो, तर तिने केसही कापले."

त्याला जवळ घेतलं. हाडं लागली. ती हाडं मला महिनाभर दिसत होती. खूप घाबरलेय, पण खरं लिहायचं ठरवलंय. त्या भीतीच्या खालीही दुसरं काहीतरी आहेच. तिला महिनाभर माहीत होतं आणि मला नव्हतं. तिने त्याच्या अंगावर जॅकेट घातलं. ते मी घालायला हवं होतं.

रविवार, १९ मे

पळाले नाही. नेव्हने बूट आणून पायाशी ठेवले. तरी गेले नाही. मग तो स्वतःच दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, तू नाही गेलीस तर मी पळतो. पायजम्यात. गेले मग.

गावाला कळलंय. दारात कॅसरोल सात आहेत. नेव्ह म्हणतो, तुझ्यापेक्षा दोन जास्त.

गुरुवार, ३० मे

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाला, जे दिसलं ते काढलं. गाठींचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. त्यावर सगळं. आमच्या मुलाला, ड्रूला, पर्थकडच्या खाणीतून सोमवारच्या आधी विमान नाही.

ब्रायोनी बाहेरच्या पॅसेजमध्ये बसून होती. सकाळी आम्हाला तिनेच आणलं, आज तिचा वार नसताना. मी म्हटलं, रविवारी मी पळणार नाही, त्याच्याजवळ कुणीतरी हवं. ती म्हणाली, "मी बसते. तू पळ."

मी म्हटलं, तू वेडी आहेस का, तुझी स्वतःची धाव आहे. गाव तुझ्यासाठी बसने येणार आहे.

ती मग म्हणाली, "औषध चढवायच्या खोलीत मी तुझ्या पलीकडच्या खाटेवर असायचे, आठवतं? तुझ्याजवळ रोज नेव्ह बसलेला असायचा. शब्दकोडं सोडवायचा, तुला एकेक विचारत. तू त्याच्यावर खेकसायचीस. माझ्याजवळ कुणी नसायचं. मला इतका राग यायचा तुझा, ग्लेनिस. सुई टोचायचे तेव्हाही मी तुमच्याकडेच बघत असायचे."

मला ती पलीकडच्या खाटेवर होती हे आठवत नाही. खूप आठवून बघितलं. डोक्याला रुमाल बांधलेली कुणीतरी होती एवढंच.

 चहा आणून दिला तिला, मशीनचा.

रविवार, २ जून

सकाळी सातला हॉस्पिटलमधूनच निघाले. नेव्हला रात्री थोडा ताप होता, नर्स म्हणाली होतो असा. तो म्हणाला, "जा. आणि मध्येच थांबून लोकांना पाकिटाचं भाषण देऊ नकोस." ब्रायोनीने पळणाऱ्या बायकांसारखे केस बांधले होते, पण पायात चप्पल होती. ती त्याच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसली. मी दारातून वळून बघितलं. तिने त्याची उशी नीट केली.

नदीवर धुकं होतं, हात बधिर. पुलाच्या अलीकडे आमचं गाव उभं होतं, सगळ्यांनी तपकिरी टीशर्ट घातलेले. मर्लने रातोरात रंगवून घेतले म्हणे. माझं नाव छातीवर. पबवाला "ग्लेनिस, ग्लेनिस" करत घसा फोडत होता. एवढ्या लोकांनी माझं नाव मी लग्न केलं तेव्हाही घेतलं नव्हतं. गुलाबी टीशर्ट एकही नव्हता. फेब्रुवारीपासून मला जे हवं होतं ते सगळं त्या पुलापाशी उभं होतं, आणि मी हात हलवला आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट. आता त्याचं तोंड कोरडं पडलं असेल. ती ओठांना बर्फ लावत असेल.

रस्ता शहराला दोन फेऱ्या घालतो. पहिल्या फेरीत हॉस्पिटलच्या खालच्या चौकातून गेले तेव्हा वर बघितलं नाही. पाय चांगले होते. संडासही एकदाच लागला. मग दुसरी फेरी सुरू झाली आणि प्रत्येक किलोमीटरला माझा जळफळाट वाढत गेला. तो आता काय बोलत असेल तिच्याशी? शब्दकोडं सोडवत असतील का? त्याला वेदना झाल्या तर तो हात कुणाचा धरेल? जो हात जवळ असेल त्याचाच ना. माणूस दुसरं काय करणार?

चौक परत आला. पाच-सहा किलोमीटर राहिले होते, तेवढे मी रांगतही गेले असते. झेंडा धरलेली मुलगी ओरडली, "सरळ, मॅडम, सरळ." मी डावीकडे वळले. चढावर पळाले, आजच्या दिवसात सगळ्यात जोरात.

लिफ्टमधले लोक माझ्यापासून लांब उभे राहिले. वॉर्डात शिरले तर नेव्ह डोळे मिटून पडला होता, ताप उतरला होता, आणि ब्रायोनी त्याला वर्तमानपत्रातला फुटबॉल वाचून दाखवत होती. तिने आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या छातीवरच्या नंबराकडे.

"इतक्यात?"

"नाही झाली," मी म्हटलं.

नेव्हने डोळे उघडले. "ग्लेन, किती राहिलंय?"

"थोडंसं."

"मग इथे काय करतेयस? छप्पर जाईल ना गाडीचं."

"जाऊ दे," म्हटलं. माझा श्वास पुरत नव्हता. घामाचं मीठ डोळ्यांत उतरलं होतं. मी ब्रायोनीकडे वळले. तिला दोन चांगले शब्द बोलायला हवे होते, आभाराचे, ते मी चढावर जुळवलेही होते. पण तोंडातून आलं ते एवढंच.

"ऊठ. माझी जागा आहे ती."

ती उठली. वर्तमानपत्र घडी करून माझ्या हातात दिलं, वाचत होती ती ओळ बोटाने दाखवली आणि बाहेर गेली. खुर्ची तिच्या अंगाने गरम झालेली होती. त्याचाही मला राग आला. मी बसले.